धोकादायक वस्तू कोणत्या खात्याची? तक्रारीचं योग्य दार शोधण्याची रीत

आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात एक बाई पिशवीत पाणी तापवायचा रॉड घेऊन आल्या होत्या. बादलीच्या कडीला हात लागला आणि त्यांना जोराचा झटका बसला होता. लहान मुलगी शेजारीच उभी होती. त्यांनी हातावर हात ठेवून बसून न राहता चार ठिकाणी अर्ज दिले होते : पोलीस ठाणं, महापालिका, वीज कंपनी आणि जिल्हाधिकारी कार्यालय. चारही अर्जांत मजकूर एकच, शेवटचं वाक्यही एकच : ‘तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती.’ तीन ठिकाणांहून उत्तर आलं की हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. चौथं, जिल्हाधिकारी कार्यालयाचं, उत्तर आलंच नाही.

उत्तर देणारी तिन्ही कार्यालयं आपापल्या जागी बरोबर होती. आणि ज्या कार्यालयाला खरोखर काही अधिकार होता, त्याला कोणत्या कायद्याखाली नेमकं काय करायचं आहे हे अर्जात कुठेच लिहिलेलं नव्हतं. अशा पिशव्या घेऊन येणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहतो आहे, म्हणून हा लेख. आपल्याकडे सगळ्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एकच कायदा नाही आणि एकच खातंही नाही. काम वाटलेलं आहे. वाटणी एकदा समजली की तक्रारीचं वजन वाढतं.

ही वाटणी दोन दिशांनी झाली आहे. पहिली वस्तूप्रमाणे : अन्नाचं एक खातं, औषधाचं दुसरं, वाहनाचं तिसरं. दुसरी कामाप्रमाणे : नियम कोण ठरवतो, परवाना कोण देतो, दुकानात शिरून माल कोण जप्त करतो, बाजारातून माल परत मागवायचा आदेश कोण देतो आणि तुमची भरपाई कोण ठरवतो. बरेच जण पहिल्या दिशेनेच विचार करतात आणि तिथेच अडकतात.

पहिली पायरी : वस्तू जपून ठेवा

वापर ताबडतोब थांबवा, पण वस्तू टाकू नका, उघडू नका, दुरुस्तीला देऊ नका. खोकं, बिल, आतली पुस्तिका, वॉरंटीचा कागद हे सगळं ठेवा. लेबलाचे जवळून फोटो काढा. बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, परवाना क्रमांक स्पष्ट दिसले पाहिजेत. झालेल्या इजेचे दवाखान्याचे कागद सोबत जोडा.

एका गोष्टीबद्दल मी सगळ्यांना बजावतो. तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस घरी येतो, गोड बोलतो, ‘तपासणीसाठी नेतो’ म्हणून वस्तू घेऊन जातो आणि बदल्यात नवी देतो. नवी वस्तू मिळाल्याचा आनंद होतो, पण पुरावा गेलेला असतो. द्यायचीच असेल तर मॉडेल, बॅच आणि तारीख लिहिलेली सहीशिक्क्याची पावती घेतल्याशिवाय देऊ नका. शक्यतो देऊच नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार दोष तपासणीशिवाय कळणार नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण त्यासाठी मूळ वस्तू हाताशी असावी लागते.

दुसरी पायरी : वस्तू कोणत्या कायद्याखाली आहे ते ओळखा

इथे घाई करू नका, कारण बहुतेक तक्रारी इथेच चुकतात. वस्तू दिसते कशी किंवा विकली कुठे जाते यावरून खातं ठरत नाही. ती कशासाठी बनवली आहे आणि लेबलावर काय दावा केला आहे, यावरून ठरतं.

घरातल्या डास पळवणाऱ्या द्रवाचं उदाहरण घ्या. किराणा दुकानात साबणाशेजारी मिळतो, म्हणून लोक अन्न व औषध प्रशासनाकडे जातात. प्रत्यक्षात तो कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येतो. त्याची नोंदणी फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे असते आणि राज्यात त्याची तपासणी कृषी खात्याचे कीटकनाशक निरीक्षक करतात. डासांच्या ज्या अगरबत्तीवर नोंदणी क्रमांकच नाही, तिची तक्रार कृषी खात्याकडे करायची हे कुणाला आपणहून सुचणार?

थर्मामीटर आणि रक्तदाब मोजायचं यंत्र दिसायला विजेची उपकरणं, पण कायद्याने ती वैद्यकीय उपकरणं आहेत. म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ यांच्या हद्दीतली. एखादी क्रीम फक्त त्वचा मऊ करते म्हणत असेल तर ती सौंदर्यप्रसाधन. तीच क्रीम एखादा त्वचारोग बरा करते म्हणू लागली की औषधाच्या दारात जाते. खेळण्यांच्या गुणवत्ता आदेशात (हे आदेश काय असतात ते तिसऱ्या पायरीत येईल) १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी बनवलेल्या वस्तू येतात, मग ती वस्तू दुकानात ‘शोभेची’ म्हणून का ठेवलेली असेना.

ही वाटणी सगळ्यात स्पष्ट दिसते ती स्वयंपाकघरातल्या गॅसजवळ. सिलिंडर म्हणजे दाबाखालच्या वायूचं भांडं. ते वायू सिलिंडर नियम, २०१६ खाली पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या, नजरेखाली असतं. या संघटनेचं मुख्यालय नागपूरला आहे. त्याच सिलिंडरवर वस्तूंची मानकं ठरवणाऱ्या भारतीय मानक ब्युरोचं चिन्हही असतं. शेगडी आणि रबरी नळी यांची मानकं ब्युरोची. सिलिंडर भरून पोचवण्याची जबाबदारी तेल कंपनीची आणि तिच्या वितरकाची. गॅस वजनात कमी भरला तर विषय वैधमापन, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या, खात्याचा. आणि सिलिंडरऐवजी पाइपने गॅस येत असेल तर तिथे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ येतं, जे २००६ च्या कायद्याने उभं राहिलं. एका ज्योतीमागे इतकी खाती. म्हणून ‘गॅसचा स्फोट झाला’ एवढं लिहून भागत नाही. गळती नळीतून होती, रेग्युलेटरजवळ होती की सिलिंडरच्या झडपेतून, हे लिहावं लागतं. (गळती चालू असताना मात्र कुठलाही अर्ज नाही. आधी १९०६ हा क्रमांक फिरवा. आणि सिलिंडर घेताना कड्याच्या पट्टीवर रंगवलेलं अक्षर आणि वर्ष पाहा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डीपर्यंत. ती पुढच्या चाचणीची मुदत असते. उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊ नका.)

वाहनांबाबत थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं आणि सदोष वाहनं परत मागवायचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. परिवहन कार्यालय वाहनाची नोंदणी करतं, रस्त्यावर तपासतं. एखाद्या मॉडेलचे ब्रेक मुळातच सदोष आहेत म्हणून ते मॉडेल परत मागवणं त्याच्या हातात नाही. कारखान्यात कामाच्या ठिकाणी वापरायच्या यंत्राने इजा झाली असेल तर वाट पुन्हा वेगळी. महाराष्ट्रात ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते.

तिसरी पायरी : आयएसआय सक्तीचं आहे का ते पाहा

घरगुती वस्तूंच्या बहुतेक तक्रारी शेवटी भारतीय मानक ब्युरोपाशी येतात, आणि तिथे एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं की बाजारातल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी ब्युरोची आहे. ब्युरोची हजारो मानकं आहेत, पण त्यांतली बहुतेक ऐच्छिक आहेत. केंद्र सरकारचं एखादं मंत्रालय ब्युरो कायदा, २०१६ च्या कलम १६ खाली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढतं, तेव्हाच त्या वस्तूवर ब्युरोचं मानक चिन्ह (सर्वांत ओळखीचं म्हणजे आयएसआय) सक्तीचं होतं.

इथे कामाची वाटणी पाहा. आदेश मंत्रालयाचा, मानक आणि परवाना ब्युरोचा. खेळण्यांचा आदेश उद्योग प्रोत्साहन विभागाने काढला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. मोबाइलचे चार्जर, पॉवर बँक अशा वस्तू इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात. त्यांच्यावर आयएसआयऐवजी ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. घरगुती प्रेशर कुकर १ फेब्रुवारी २०२१ पासून आणि दुचाकीचं हेल्मेट १ जून २०२१ पासून सक्तीच्या यादीत आलं. पाणी तापवायचा रॉड तर २००३ च्या विद्युत उपकरणांच्या आदेशापासूनच यादीत आहे. म्हणजे त्या बाईंचं पहिलं दार ब्युरोचं होतं, आणि नेमकं तिथेच त्या गेल्या नव्हत्या.

खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ हेल्मेटवर आयएस ४१५१, कुकरवर आयएस २३४७. खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाका. उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना कोणत्या वस्तूसाठी आहे आणि तो चालू आहे का, हे सगळं समोर येतं. ‘आर’ क्रमांकही तिथेच तपासता येतो.

ॲपमधून तीनपैकी एक उत्तर निघतं आणि प्रत्येकाची तक्रार वेगळी लिहायची. क्रमांक नाहीच किंवा खोटा आहे, तर तक्रार चिन्हाच्या गैरवापराची. ब्युरोचे अधिकारी अशा ठिकाणी झडती घेऊन माल जप्त करू शकतात, म्हणून दुकानाचा पूर्ण पत्ता आणि साठा कुठे दिसला हे लिहा. क्रमांक खरा आहे पण वस्तू धोकादायक निघाली, तर तक्रार निकृष्ट दर्जाची. तिथे ब्युरो परवानाधारकाला विक्री थांबवायला आणि मानकात न बसणारा माल परत घ्यायला सांगू शकतो. आणि वस्तू सक्तीच्या यादीतच नाही, तर ब्युरोकडे हट्ट धरण्यात अर्थ नाही. पाचव्या पायरीकडे जा.

यादी कायम तीच राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. आदेश नवे निघतात, त्यांच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, काही मागे घेतले जातात. २०२५ च्या नोव्हेंबरात पॉलिमर आणि कृत्रिम धाग्यांशी संबंधित अनेक आदेश सरकारने मागे घेतले. म्हणून वस्तू खरेदी केली त्या दिवशी आदेश लागू होता का, हे ब्युरोच्या संकेतस्थळावर पाहून तारखेसकट अर्जात लिहा.

चौथी पायरी : केंद्र की राज्य?

अन्न आणि औषध या दोन क्षेत्रांत कायदा केंद्राचा, पण रोजची अंमलबजावणी बहुतांशी राज्याची. हे न कळल्याने माणसं दिल्लीला पत्र पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहतात आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं कार्यालय त्यांच्याच जिल्ह्यात असतं.

अन्नासाठी दिल्लीत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण आहे. २००६ च्या कायद्याखाली ते मानकं ठरवतं, मोठ्या उद्योगांना आणि आयातदारांना केंद्रीय परवाने देतं आणि बंदरांवर आयात अन्न तपासतं. राज्यात अन्न सुरक्षा आयुक्त, त्यांच्या हाताखाली पदनिर्देशित अधिकारी आणि प्रत्यक्ष दुकानात जाऊन नमुने घेणारा अन्न सुरक्षा अधिकारी. महाराष्ट्रात ही सगळी साखळी अन्न व औषध प्रशासनाची. कुणाकडे जायचं ते पाकिटावरचा १४ अंकी क्रमांकच सांगतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे : ०० म्हणजे केंद्रीय परवाना, १५ म्हणजे महाराष्ट्र. म्हणजे ११५ने सुरू होणारा क्रमांक दिसला की परवाना इथल्याच कार्यालयाने दिलेला आहे.

अन्नाच्या कायद्यात ग्राहकाला एक हक्क आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. कलम ४० प्रमाणे तुम्ही स्वतः शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. पदार्थ कायद्यात बसत नाही असं निघालं तर शुल्क परत मिळतं. अट एकच : हा पदार्थ तपासायला देणार आहे, असं खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावं लागतं. घरी आणून फोडलेल्या पाकिटाला हे लागू होत नाही. त्यासाठी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच बॅचच्या न फोडलेल्या पाकिटांचा नमुना दुकानातून घ्यायला सांगा. विश्लेषकाचा अहवाल कायद्याने १४ दिवसांत अपेक्षित असतो. तुमच्या अर्जात ती मुदत लिहिलेली असली तर पाठपुरावा करणं सोपं जातं.

औषधाची वाटणी याहून गुंतागुंतीची आहे आणि तिथल्या चुकीची किंमत फार मोठी असते. नवी औषधं आणि आयात यांची मंजुरी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे असते. बहुतेक औषधांच्या उत्पादनाचा परवाना मात्र ज्या राज्यात कारखाना आहे त्या राज्याचा परवाना अधिकारी देतो. वैद्यकीय उपकरणांत कमी धोक्याचे ए आणि बी वर्ग राज्याकडे, सी आणि डी वर्ग केंद्राकडे. आयात सगळी केंद्राकडे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात काय झालं ते आठवा. मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याचं ‘कोल्ड्रिफ’ सिरप प्यायलेली मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. वीसहून अधिक मुलं गेली. औषध बनलं होतं तामिळनाडूत, कांचीपुरम जिल्ह्यात. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाच्या तपासणीत त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळलं आणि पुढे कारखान्याचा परवाना रद्द झाला. मुलं दगावली एका राज्यात, परवाना दुसऱ्या राज्याचा आणि देशभराला सावध करण्याचं काम केंद्राचं. अशा वेळी ज्या राज्यात इजा झाली तिथल्या औषध निरीक्षकाकडे तक्रार द्याच. पण लेबलावरचा उत्पादनाचा पत्ता परराज्यातला असेल, तर त्या राज्याच्या औषध नियंत्रकालाही त्याच दिवशी कळवा. इथला निरीक्षक इथल्या दुकानातला साठा थांबवू शकतो. कारखान्याचं दार परवाना देणारं राज्य बंद करू शकतं. मधला टपालाचा वेळ मुलांच्या जिवावर येतो, म्हणून तो तुम्हीच वाचवा.

पाचवी पायरी : सगळ्यांच्या वरचं छत

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. वस्तू कोणत्याही खात्याची असो किंवा कोणत्याच खात्याची नसो, हे दार उघडं असतं. मात्र एका माणसाचं भांडण सोडवणं हे त्याचं काम नाही. एकाच प्रकारच्या मालाने अनेक ग्राहकांना धोका असेल तर ते हात घालतं.

या कायद्यातली चार कलमं लिहून ठेवा. कलम १७ प्रमाणे तक्रार प्राधिकरणाकडे, त्याच्या विभागीय आयुक्ताकडे किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकारी आपल्या हद्दीत चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. कलम १९ प्रमाणे प्राथमिक चौकशीनंतर विषय दुसऱ्या नियामकाचा आहे असं दिसलं, तर प्राधिकरण तो स्वतःच्या अहवालासह त्या नियामकाकडे पाठवू शकतं. आणि कलम २० सर्वांत धारदार : धोकादायक माल परत मागवा, खरेदीदारांना किंमत परत द्या, असा आदेश प्राधिकरण देऊ शकतं. तो न पाळणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

हे कागदावरच राहिलं असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने दोन सुरक्षा सूचना काढल्या. पहिली हेल्मेट, प्रेशर कुकर आणि गॅस सिलिंडरबद्दल, दुसरी पाणी तापवायच्या रॉडसह इतर घरगुती वस्तूंबद्दल. २०२२ मध्ये सक्तीचं मानक न पाळणारे कुकर विकू दिल्याबद्दल मोठ्या ऑनलाइन विक्री मंचांवर १ लाख रुपयांचा दंड बसवला आणि खरेदीदारांना कळवून कुकर परत घ्यायला, पैसे परत द्यायला सांगितलं. गुणवत्ता नियंत्रण आदेश उद्योग विभागाचा, मानक ब्युरोचं, परत मागवण्याचा हुकूम प्राधिकरणाचा. तीन कार्यालयं एका कुकरभोवती अशी जोडली गेली.

ऑनलाइन घेतलेल्या वस्तूबाबत आणखी एक करा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. ती तक्रार आधी नोंदवा, तिचा क्रमांक पुढच्या सगळ्या अर्जांत लिहा. आयात वस्तू असेल तर आयातदाराचं नाव, पत्ता आणि मूळ देश पाकिटावर असणं वैधमापनाच्या नियमांप्रमाणे सक्तीचं आहे. ते नसेल तर तीच एक स्वतंत्र तक्रार झाली आणि ती राज्याच्या वैधमापन खात्याकडे जाते. ते खातं वस्तूची सुरक्षितता तपासणार नाही, पण बेनामी माल दुकानातून उचलू शकतं. कधी कधी सर्वांत लवकर हलणारं दार तेच असतं.

आणि तुमची स्वतःची भरपाई? ती नियामक देत नाही. ती ग्राहक आयोगाकडे मागायची. कायद्याच्या सहाव्या प्रकरणात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांच्यावर टाकलेली आहे. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. नियामकाकडे चौकशी चालू आहे म्हणून आयोगाची मुदत थांबत नाही, हे विसरल्यामुळे चांगल्या तक्रारी बुडालेल्या मी पाहिल्या आहेत. कुणाच्या निष्काळजीपणाने जीव धोक्यात आला किंवा गेला असेल तर पोलीस तक्रारही द्यायची. ती वाट वेगळी आहे, पण बाकीच्यांच्या आड येत नाही.

सहावी पायरी : प्रत्येकाला त्याच्याच हातातलं मागा

एकच अर्ज सात ठिकाणी पाठवून खाली लांबलचक ‘प्रत’ लिहिण्याची सवय सोडा. ज्याचं नाव ‘प्रत’मध्ये असतं तो वाचून फाइलला लावतो, कारण त्याच्याकडे कुणी काही मागितलेलंच नसतं. घटनेचा मजकूर सगळीकडे तोच ठेवा, पण मागणीचा परिच्छेद प्रत्येकासाठी वेगळा लिहा.

ब्युरोला असं : ‘सदर रॉडवरील सीएम/एल क्रमांक ॲपवर तपासला असता आढळला नाही. दुकानाचा पत्ता व साठ्याची जागा सोबत देत आहे. झडती व जप्तीची कार्यवाही करून मला कळवावं.’ जिल्हाधिकाऱ्यांना असं : ‘ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १७ नुसार ही तक्रार करीत आहे. कलम १६ नुसार चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणास अहवाल द्यावा.’ प्राधिकरणाला कलम २० नुसार माल परत मागवण्याची मागणी. आयोगाला खर्च आणि भरपाई. एका पत्रात एकच मागणी असेल तर ती टाळणं अवघड जातं.

शेवटी एक वाक्य नेहमी घाला : ‘हा विषय आपल्या अखत्यारीत नसल्यास तो कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत आहे ते लेखी कळवावं व अर्ज तिकडे वर्ग करावा.’ या एका ओळीमुळे ‘आमच्याकडे येत नाही’ या उत्तराचाही उपयोग होतो. दोन कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवलं तर दोन्ही पत्रं जोडून प्राधिकरणाकडे पाठवा, कारण कलम १९ त्याच्यासाठीच आहे.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवली जाते आणि संबंधित कंपनीकडे किंवा खात्याकडे पाठवली जाते. पण तेवढ्यावर थांबू नका. हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देण्याचा अधिकार तिला नाही.

सातवी पायरी : पाठपुरावा

अर्ज हातोहात दिला तर आवक क्रमांक घ्या, टपालाने पाठवला तर पोचपावती सांभाळा. महिन्याभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात विचारा. प्रश्न असे असावेत : माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला, नमुना घेतला असल्यास प्रयोगशाळेचं नाव आणि अहवालाची प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर त्या कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवावा लागतो. गंमत म्हणजे मूळ तक्रार कोणत्या कार्यालयाची आहे हे महिनोन्‌महिने कळत नाही, ते या अर्जाच्या हस्तांतराच्या पत्रावरून आठवड्याभरात कळतं. मी ही युक्ती मुद्दाम वापरतो.

निरीक्षकांशी बोलताना एवढं मनात असू द्या की त्यांची संख्या कमी आणि हद्द मोठी असते. ज्याच्या अर्जात बॅच, पत्ता, कलम आणि मागणी स्पष्ट आहे त्याचं काम आधी होतं, कारण त्यावर लगेच पाऊल उचलता येतं. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण धोका तर अर्ज लिहिता न येणाऱ्यालाही तेवढाच असतो. म्हणूनच लिहिता येणाऱ्याने शेजाऱ्याचाही अर्ज लिहून द्यावा.

त्या बाईंनी रॉडचं खोकं टाकून दिलं होतं आणि रॉडवरचा क्रमांक पाण्याने पुसला गेला होता. त्याच दुकानातून शेजारणीने तसाच रॉड घेतल्याचं त्यांना आठवलं. ते खोकं माळ्यावर सापडलं. त्यावरचा सीएम/एल क्रमांक ॲपमध्ये टाकला तर परवाना होता, पण दुसऱ्याच उत्पादकाचा आणि दुसऱ्याच वस्तूचा. ब्युरोच्या शाखेला पाठवलेल्या अर्जावर या वेळी दोघींच्या सह्या होत्या आणि सोबत दोन्ही खरेद्यांच्या तारखा, दुकानाचा पत्ता आणि खोक्याचे फोटो होते. तिसऱ्या दिवशी शाखेतून फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न होता, दुकानाचा साठा मागच्या खोलीत आहे की पोटमाळ्यावर.